दादर मावणार नाही, कॉटन ग्रीन मावेल

प्रश्न : आम्ही भांडुपला वन बीएचकेमध्ये राहतो. कार्पेट ३९० चौरस फूट, माणसं चार : आई, बायको, नऊ वर्षांची मुलगी आणि मी. तीन वर्षांपूर्वी मेहुण्याने जर्मनीहून एचओ स्केलच्या मॉडेल रेल्वेचं एक छोटं डिझेल शंटर (यार्डात डबे पुढे-मागे लावणारं इंजिन), चार लांब डबे आणि गोल रुळांचा सेट आणला. तेव्हापासून तो माळ्यावर पडून आहे. माझ्या डोक्यात दादर आहे. फलाट, पूल, फुलवाले, लोकल, डेक्कन क्वीन, सगळं बारकाव्यांसकट. हॉलमध्ये साडेसहा फुटांची एक भिंत रिकामी आहे. बायको म्हणते, "आधी वॉशिंग मशीनला जागा करा, मग दादर आणा." आई म्हणते, "तुझे बाबा बावीस वर्षं पोर्ट ट्रस्टात शंटिंगवर होते, त्यांनी कधी इंजिन घरी आणलं नाही." त्यात आमची बिल्डिंग दोन वर्षांत रिडेव्हलपमेंटला जाणार. करू की सोडून देऊ?
— एक वाचक, भांडुप

उत्तर : सोडू नका. पण दादर सोडा.

रागावू नका, आधी हिशेब बघा. एचओ म्हणजे खऱ्याचा ८७वा भाग. आपला जुना निळा प्रवासी डबा, आयसीएफ म्हणतात तो, सुमारे २१.३ मीटर लांब, म्हणजे मॉडेलमध्ये साडेचोवीस सेंटिमीटर. लोकलचा डबाही जवळपास तेवढाच. बारा डब्यांची लोकल उभी करायची तर साडेनऊ फूट लागतात, आणि तुमची भिंत साडेसहाची. एन स्केल घेतलं, म्हणजे १:१६०, तर तीच लोकल सव्वापाच फुटांत बसते. बसते खरी, पण साडेसहा फुटांच्या भिंतीवर सव्वापाच फुटांची गाडी फलाटाला लागणार आणि लागलेलीच राहणार. पुढे जायला रूळ उरत नाही. शिवाय एन स्केलसाठी तुमच्याकडे आहे ते सगळं बाजूला ठेवून नव्याने खरेदी करावी लागेल, ते वेगळंच.

गोल रूळ अंथरायचं म्हणाल, तर सेटमधल्या वळणाची त्रिज्या साधारण ३६ ते ४२ सेंटिमीटर असते. अर्धं वळण घ्यायला कडा धरून तीन फूट रुंद पाट हवा. म्हणजे दिवाण गेला. आणि एवढ्या आखूड वळणावर साडेचोवीस सेंटिमीटरचे डबे बघवत नाहीत. रिक्षा वळते त्या गल्लीत बेस्टची बस घातल्यासारखे दिसतात, कोपरे रुळाबाहेर लोंबत असतात.

आता एक सांगा, मुंबईत रेल्वे तुम्हाला अखंड कधी दिसली? पुलावरून खाली पाहिलं तर चार रूळ आणि ओव्हरहेडच्या तारा. चाळीच्या गॅलरीतून दोन भिंतींमधल्या फटीत झपकन गेलेले तीन डबे. दारात उभं राहिलं तर समोरच्या कंपाउंडची भिंत आणि तिच्यावरचं बवासीरच्या दवाखान्याचं पेंटिंग. या शहरात रेल्वे कापाकापानेच बघायला मिळते. म्हणून इथल्या माणसाने मॉडेल करताना सगळं स्टेशन आणायचा हट्ट धरू नये. गाडी, माणसं, भिंती जशाच्या तशा ठेवाव्यात आणि देखावा आखूड करावा. बारकावे तुम्हाला हवेत ना? मग जागा जितकी थोडी तितकं बरं. दहा फूट फलाटावर बारकावे करायला निम्मं आयुष्य जातं.

कुठला काप घ्यायचा, ते तुमच्या पत्रातच आहे. आईंचं वाक्य मी तीनदा वाचलं. पोर्ट ट्रस्टात बावीस वर्षं शंटिंग! आणि तुम्ही दादर करायला निघालात?

मुंबई बंदर चालवणाऱ्या पोर्ट ट्रस्टची स्वतःची रेल्वे होती, १९१५ साली सुरू झालेली. गोदीतला माल वडाळ्याच्या यार्डात न्यायचा, तिथून तो मोठ्या रेल्वेकडे जायचा. बॅलार्ड पियरच्या मोल स्टेशनात विलायतेच्या बोटीतून उतरलेल्या साहेबलोकांसाठी फ्रंटियर मेल लागायची, ती याच रेल्वेच्या रुळांवर. पण तुम्ही त्या मेलच्या नादाला लागू नका, पुन्हा लांब डबे येतील. तुम्ही घ्या कॉटन ग्रीन-शिवडीकडचं एक कापसाचं गोदाम. त्याच्यापुढे तीन रूळ, एक हातगाडी, चहाची टपरी. काळ सत्तरीच्या दशकाचा धरा, चार चाकांच्या वाघिणी, म्हणजे मालडबे, तेव्हा सर्रास होत्या.

हा काप तुमच्यासाठी शिवून आणल्यासारखा आहे. गोदीतलं इंजिन लहान, तुमचं शंटरही लहान. वाघीण एचओमध्ये साधारण दहा सेंटिमीटरची, डब्याच्या निम्म्याहूनही कमी, ती आखूड वळणावर खुशाल वळते. वेग चालण्याचा, त्यामुळे गाडीला लांब धाव लागत नाही. आणि सगळ्यात मोठी सोय म्हणजे गोदीतले रूळ रस्त्यात गाडलेले असतात. आपलं ब्रॉडगेज, म्हणजे दोन रुळांमधलं अंतर, १६७६ मिलिमीटरचं, एचओच्या मापात ते १९.३ मिलिमीटर व्हायला हवं. बाजारातला एचओ रूळ असतो १६.५ मिलिमीटरचा, कारण तो युरोप-अमेरिकेच्या १४३५ मिलिमीटर गेजचा आहे. उघड्या रुळावर जाणकाराच्या नजरेला ही चोरी लगेच सापडते. स्लीपर आणि खडी फरसबंदीखाली गेली की नजर फसते. मी स्वतः वर्षभर या पावणेतीन मिलिमीटरपायी झोप घालवली आहे, म्हणून सांगते.

रुळांची मांडणीही नव्याने शोधायला नको. अ‍ॅलन राइट नावाच्या इंग्लिश हौशी माणसाने एक मांडणी करून ठेवली आहे, तिला इंगलनूक म्हणतात. दोन सांधे, म्हणजे रूळ जिथे फाटतो त्या जागा, आणि तीन साइडिंग, म्हणजे बाजूचे बंद रूळ. एका साइडिंगवर पाच वाघिणी मावतात, बाकी दोघींवर तीन-तीन. सांध्यांच्या अलीकडे इंजिन आणि तीन वाघिणी मावतील एवढाच रूळ ठेवायचा, त्याहून जास्त ठेवला तर मजा गेली. एकूण वाघिणी आठ. आठ चिठ्ठ्या करायच्या, मुलीला पाच उचलायला सांगायचं, आणि त्या ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने पाच वाघिणींची गाडी लावून दाखवायची. हात न लावता, फक्त पुढे-मागे करून. वाटतं सोपं. आठांतून पाचांचे क्रम होतात ६७२०, त्यामुळे रोज एक डाव खेळलात तरी अठरा वर्षं पुरेल. गोल फिरणारी गाडी आपण पंधरा मिनिटं बघतो आणि मग फोन काढतो. इथे तसं होत नाही, कारण तिसऱ्या चालीला आपण अडकलेले असतो.

एचओमध्ये ही सगळी मांडणी पाच फूट बाय एक फुटात बसते. पण पाच फुटांची अख्खी फळी करू नका. अडीच-अडीच फुटांच्या दोन करा, मध्ये बोल्टने जोडायच्या. काम संपलं की एक फळी उलटी करून दुसरीवर धरायची, दोन्ही टोकांना प्लायचे चौकोनी तुकडे स्क्रूने लावायचे, की गोदाम गोदामाकडे तोंड करून आत बंद. समोरासमोरची गोदामं मात्र एकमेकांवर आपटू नयेत एवढी उंची टोकांच्या तुकड्यांना ठेवा, साधारण दहा इंच. बंद झाल्यावर ती हार्मोनियमच्या खोक्याहून थोडी मोठी पेटी होते. कपाटावर राहते, लिफ्टमध्ये जाते, आणि बिल्डिंग पडायला निघाली की तुमच्याबरोबर भाड्याच्या घरात येते. भिंतीत ब्रॅकेट ठोकून बसवलेलं दादर कुठे नेणार होता?

आता प्लायबद्दल, आणि इथे माझी फजिती सांगणं भाग आहे. १९९६ साली गिरगावात दोन खोल्यांत राहत असताना मी खाटेखाली सरकेल असा पाट केला होता. पैसे वाचवायला साधं कमर्शियल प्लाय घेतलं, वरून छान हिरवा रंग दिला, खालची बाजू आणि कडा तशाच सोडल्या. श्रावणापर्यंत तो पाट भाजलेल्या पापडासारखा चारी कोपऱ्यांनी उचलला गेला. इंजिन प्रत्येक सांध्यावर एक चाक हवेत धरून उभं. लाकडाचा भुसा रंगवून केलेल्या हिरवळीवर खरीखुरी बुरशी आली, तेव्हा नवरा म्हणाला, "आत्ता कुठे कोकण दिसायला लागलं."

तेव्हा आयएस ७१० शिक्क्याचं, म्हणजे मरीन म्हणतात ते प्लाय घ्या. आयएस ३०३चं साधं प्लाय दमटपणा थोडाफार सोसतं, मुंबईचा जुलै सोसत नाही. नऊ मिलिमीटर पुरे, खाली दोन बाय एक इंचाच्या पट्ट्यांची चौकट. प्लायवाल्याकडूनच मापात कापून घ्या, घरात करवत चालवू नका. आणि रंग किंवा व्हार्निश सहाही बाजूंना द्या. पाणी कडेने शिरतं, वरून नाही. रूळ बसवण्याआधी तीन मिलिमीटरचं कॉर्क चिकटवा, नाहीतर पोकळ चौकट तबल्यासारखी वाजते आणि रात्री दहाला आई उठून बसतात.

विजेचं थोडक्यात. रुळांत जातो तो बारा व्होल्टच्या आसपासचा डीसी, त्याची भीती नाही. २३० व्होल्टचं काही पाटाखाली नको, अ‍ॅडॅप्टर भिंतीकडेच राहू दे. रुळांच्या जोडपट्ट्यांवर विसंबू नका. खाऱ्या हवेने त्या आतून काळ्या पडतात आणि इंजिन मधेच मरतं. रुळाच्या प्रत्येक तुकड्याला खालून स्वतंत्र वायर डाखा. लोहार चाळीत वायर आणि लॅमिंग्टन रोडला २५ वॅटचं सोल्डरिंग आयर्न, एका शनिवारचं काम आहे. सांधे घेताना मध्यावरचा तुकडा धातूचा असलेले घ्या, ज्यात वीज खेळते. तिथे प्लॅस्टिक असेल तर तुमचं छोटं शंटर हळू चालताना नेमकं त्याच्यावर थांबतं आणि बोटाने ढकलावं लागतं. रूळ पुसायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि जुनी सुती बनियन. पॉलिशपेपर कधीच नाही, त्याच्या ओरखड्यांत मळ घर करतो. वाघिणी सोडवायला बाजारात चुंबकाची कपलिंग मिळतात, पण तुमच्या सेटवर जी साखळीवजा कडी असेल ती उदबत्तीच्या काडीने सुटते. माझ्याकडे त्यासाठी एक खास काडी आहे, मोगऱ्याचा वास गेलेली.

आता गोदाम, म्हणजे खरी चैन. एचओमध्ये एक फूट म्हणजे साडेतीन मिलिमीटर, हे एकदा पाठ केलं की कॅल्क्युलेटर लागत नाही. साडेपाच फुटांचा हमाल एकोणीस मिलिमीटर, वीस फुटांची भिंत सात सेंटिमीटर. अख्खं गोदाम करायचं नाही, फक्त दर्शनी भिंत आणि तीनेक सेंटिमीटर खोली, मागे फिकट राखाडी आभाळ. निळं आभाळ नको, शिवडीला ते वर्षातून आठ दिवस दिसतं.

भिंतीला लग्नपत्रिकेचा जाड पुठ्ठा. घरात ढिगाने असतात आणि फेकवत नाहीत. त्यावर पुट्टीचा पातळ हात, अर्धवट सुकल्यावर दाभणाने दगडांच्या रेघा. मग सगळ्यात आधी काळा रंग द्या, अगदी पाणीदार, आणि लगेच फडक्याने पुसा. रेघांमध्ये तो राहतो. पिवळट चुना वरून सुक्या ब्रशने. पावसाळ्याचा डाग कुठून सुरू होतो ते नीट बघा : पन्हळाचा पाइप जिथे फुटलेला असतो तिथून, वर अरुंद, खाली पसरलेला, मध्ये शेवाळी आणि कडेला काळा. आपण मॉडेलवाले तो डाग सगळ्या भिंतीवर सारखा थापतो आणि मग भिंत आजारी दिसते. पाइपाखाली एकच डाग द्या. त्याच्या वर, पाइपाच्या कोपरात, पिंपळाचं रोप. माझ्या पिंपळाला चार पानं आहेत, कागदाची, पंचिंग मशीनच्या टिकल्या दुमडून केलेली, आणि घरी येणारा माणूस इंजिन सोडून पहिल्यांदा त्याला बोट लावतो.

फरसबंदीला रुळांच्या दोन्ही बाजूंनी पुठ्ठ्याच्या पट्ट्या आणि पुट्टी. रुळाच्या डोक्यापेक्षा केसभर खाली ठेवा, म्हणजे पुसताना फडकं अडकणार नाही. पुट्टी ओली असतानाच एखादी जुनी वाघीण दहा-वीसदा पुढे-मागे फिरवा. चाकांच्या कडांची खाच आपोआप पडते. सुकल्यावर कोरायला बसलात तर बसूनच राहाल. धुळीसाठी रांगोळी, चाळून, चिमूटभर राखाडी रंग मिसळून. मातीसाठी चहाचा चोथा चालतो, पण तो उन्हात आणि मग तव्यावर कडकडीत सुकवून घ्या. कोकणाची गोष्ट वर सांगितलीच आहे. वाघिणींना गेरूचा रंग आणि त्यावर पुन्हा तोच पुसलेला काळा. दिवाळीत मुलीबरोबर किल्ला केला असेल तर हे सगळं तुमच्या हाताला माहीत आहे, फक्त हळीव पेरू नका.

कधी सुट्टी काढून मुलीला पुण्याला कोथरूडच्या जोशी मिनिएचर रेल्वे म्युझियममध्ये घेऊन जा. १९९८पासून उभं आहे. एका माणसाची हौस किती वाढू शकते ते तिथे कळतं, आणि घरी आल्यावर आपला पाच फुटांचा पाट मोठा वाटतो की लहान, हेही कळतं. भायखळ्याला भाऊ दाजी लाड संग्रहालयातले मातीचे देखावेही बघा. रेल्वेसाठी नाही, माणसं कशी उभी करायची ते बघायला. मॉडेलवरची माणसं नेहमी एनसीसीच्या परेडसारखी ताठ असतात. आपला हमाल कधी तसा उभा राहतो का?

राहिला बायकोचा प्रश्न. तुम्ही तो गमतीने लिहिला आहे, त्यांनी गमतीने विचारलेला नाही. तीन वर्षं एक खोकं माळ्यावर पडून आहे, त्यामुळे या घरात रेल्वे म्हणजे जागा खाणारी आणि कधीच सुरू न होणारी गोष्ट अशी तिची ख्याती झाली आहे. दादरचा नकाशा दाखवलात तर त्या मनात फक्त चौरस फूट मोजतील, आणि त्यांचं बरोबरच आहे. त्यांना पेटीचं माप दाखवा : अडीच फूट बाय एक फूट, उंची साधारण पाऊण ते एक फूट, कपाटावर, जिथे आत्ता तुमचीच जुनी बॅग आहे. शनिवारी चार ते सात फोल्डिंगच्या टेबलावर, सातला पेटी बंद. सोल्डरिंग खिडकीत, ओट्यावर नाही. महिन्याच्या खर्चाचा आकडा त्यांच्यासमोर ठरवा. बाहेरून मागवलेल्या मालावर कुरिअर आणि ड्यूटी मिळून वस्तूइतकीच किंमत कधी होते ते कळत नाही, तेव्हा आकडा सगळं धरून असू द्या.

आठ वाघिणींचे पैसे चार लांब डबे विकून उभे राहतील. गोदीत त्यांचा काही उपयोग नाही. फक्त ते बायकोच्या भावाने आणलेत, हे विसरू नका. आधी त्याला फोन करा, आणि स्वतः करा.

आणि आईंना या कामात घ्या. त्यांचं वाक्य टोमणा म्हणून ऐकलंत, मला ते तक्रारीसारखं वाटलं. बावीस वर्षं नवरा काय करत होता ते त्यांना घरी कधी बघायला मिळालं नाही. बाबांचा डबा घेऊन त्या किंवा तुम्ही कधी गेटपर्यंत गेला असाल. गेट कुठल्या बाजूला होतं, टपरी कुठे होती, पावसात पाणी कुठपर्यंत चढायचं, लोक दुपारी कुठल्या सावलीत जेवायचे, हे कुठल्या फोटोत मिळणार नाही. तुमचं जर्मन शंटर परक्या रंगाचं आहे, तेही बदलावं लागेल. कुठला रंग द्यायचा ते मला विचारू नका, ब्रश घेण्याआधी त्यांना विचारा.

तोवर प्लाय आणायची घाई नको. या रविवारी मोजपट्टी काढा आणि पहिलं माप वॉशिंग मशीनचं घ्या.